विजेत्याने वरच्या वजनी गटात जावे का, आणि जायचे तर कसे

एखादा बॉक्सर किंवा मिश्र मार्शल आर्ट्सचा (एमएमए) लढवय्या आपल्या वजनी गटातील आव्हानवीरांना एकामागून एक हरवू लागला, की दोन-तीन वर्षांत एकच प्रश्न त्याच्याभोवती घोटाळू लागतो : आता वरच्या गटात कधी? प्रेक्षकांना नवे प्रतिस्पर्धी हवे असतात, आयोजकांना मोठी लढत विकायची असते आणि खुद्द विजेत्यालाही इतिहासात नाव कोरण्याची ओढ असते. या इच्छांत गैर काही नाही; पण निर्णयाला त्यांचा उपयोगही नाही, कारण अंगावर येणाऱ्या जास्तीच्या दहा-पंधरा पौंडांबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. "इथे हरवायला आता कोणी उरलेच नाही" हे वाक्य तर सर्वांत फसवे आहे. कोणी का उरले नाही, हे आधी तपासावे लागते. विजेत्याचे वर्चस्व त्याच्या अंगापिंडामुळे असेल, तर ते वरच्या गटाच्या उंबरठ्यावरच राहते. अंतर आणि वेळ यांच्या जाणिवेतून आलेले असेल, तर ते बहुतांशी सोबत येते. पुढील मार्गदर्शन विजेता, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक यांनी एकत्र बसून वापरावे अशा हेतूने लिहिले आहे, आणि त्याचा क्रमही मुद्दाम तसा ठेवला आहे : आधी काटा, मग कौशल्य, आणि करार सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा असतो, हीच खरी अडचण आहे.

काट्यावरचे तीन आकडे

सुरुवात वहीत तीन आकडे लिहून करावी. पहिला, सराव शिबिर नसताना, नेहमीचे जेवणखाण चालू असतानाचे सकाळचे वजन; दुसरा, अधिकृत वजन मोजणीचा; तिसरा, लढतीच्या दिवशी रिंगणात उतरण्यापूर्वीचे वजन. व्यावसायिक बॉक्सिंग आणि एमएमएमध्ये वजन मोजणी बहुधा आदल्या दिवशी होते आणि मधल्या चोवीस ते छत्तीस तासांत शरीरातून काढलेले पाणी बऱ्याच अंशी परत भरता येते. त्यामुळे १४५ पौंडांच्या गटाचा विजेता प्रत्यक्ष लढताना १६० पौंडांचा असू शकतो. गेल्या चार-पाच लढतींचे हे तिन्ही आकडे एकाखाली एक मांडले, की पुष्कळ गोष्टी आपोआप उघड होतात.

पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांतील दरी मोठी असेल, तर तिचा अर्थ दुहेरी असतो. एक तर शरीर वरच्या गटाची मागणी करू लागलेले असते. दुसरा अर्थ विजेत्याच्या गोटात कोणालाच ऐकायला आवडत नाही : आजच्या वर्चस्वाचा काही भाग हा केवळ समोरच्यापेक्षा मोठे असण्याचा आहे आणि वरच्या गटात पाऊल ठेवताच तो हातचा जाणार आहे. उलट दरी लहान असेल, म्हणजे विजेता चार-पाच पौंड उतरवून आरामात काट्यावर उभा राहत असेल, तर तो आपल्या गटातच तुलनेने लहान आहे. असा माणूस कौशल्यावर जिंकत असतो हे खरे, पण वर गेल्यावर त्याच्यापुढे येणारी तफावत दुप्पट असते.

दरी वर्षागणिक वाढत असेल आणि लढवय्या पंचविशीच्या आत असेल, तर फार चर्चा न करता वर जावे. मॅनी पॅकियाओने १९९८ मध्ये ११२ पौंडांचे जागतिक विजेतेपद मिळवले, पण पुढच्याच वर्षी त्याला ते वजन गाठता आले नाही. पट्टा, म्हणजे ते विजेतेपद, त्याने काट्यावर गमावला आणि लढत तिसऱ्या फेरीत. त्यानंतर तो थेट १२२ पौंडांत गेला आणि त्याची खरी कारकीर्द तेथून सुरू झाली. नाओया इनोउए १०८ पौंडांत विजेता झाला तोच मुळी वजनाशी झगडत. २०१४ संपायच्या आत तो ११५ पौंडांचा विजेता होता, पुढे ११८ आणि १२२ या दोन्ही गटांत त्याने बॉक्सिंगच्या चारही जागतिक संघटनांचे पट्टे एकत्र केले. वाढत्या शरीराला जुन्या गटात कोंबून ठेवणे हा शिस्तीचा नमुना मानला जातो, पण बहुतेक वेळा तो अंगाशी येणारा हट्ट असतो. शेवटचा आठवडा सरावाऐवजी निव्वळ घाम गाळण्यात जाणे, उत्तरार्धाच्या फेऱ्यांत पाय जड होणे, शिबिराच्या अखेरीस चिडचिड आणि झोपमोड होणे, ही याची ओळखीची लक्षणे आहेत. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक पाणी गेले की दमसास घटतो, हे क्रीडाविज्ञानात पक्के झाले आहे. आणि स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, त्यामुळे वजन उतरवताना पाण्यासोबत इंधनही जाते.

यानंतर वरच्या गटाचे अंतर पौंडांत मोजण्याऐवजी टक्क्यांत मोजावे. "एक गट वर" हा शब्दप्रयोग फसवा आहे, कारण सर्व पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. बॉक्सिंगमध्ये ११२ वरून ११५ ही पायरी जेमतेम पावणेतीन टक्क्यांची आहे, १४७ वरून १५४ सुमारे पावणेपाच टक्क्यांची, १६८ वरून १७५ चार टक्क्यांहून किंचित जास्त. पण १७५ वरून २०० म्हणजे चौदा टक्क्यांची उडी आणि त्यापलीकडे हेवीवेटला वरची मर्यादाच नाही. एमएमएच्या सर्वांत मोठ्या आयोजक संस्थेत, म्हणजे यूएफसीत, गट कमी असल्याने पायऱ्या उंच आहेत : १४५ वरून १५५ जवळपास सात टक्के, १५५ वरून १७० साडेनऊहून अधिक, १८५ वरून २०५ जवळजवळ अकरा. बॉक्सिंगमध्ये तीन गटांत पट्टे जिंकणारा आणि एमएमएमध्ये दोन गटांत जिंकणारा यांची तुलना करणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट अशी तीन विजेतेपदे एकाच वेळी धारण केली, तेव्हा बॉक्सिंगमध्ये एकूण आठच गट होते. आज सतरा आहेत.

कुस्तीतील गणित आणखी निराळे आहे. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलला ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो असे सहाच गट असतात, म्हणजे ६५ किलोच्या मल्लाला वर जायचे तर पुढची पायरी जवळपास चौदा टक्क्यांवर. शिवाय वजन मोजणी कुस्तीच्या दिवशी सकाळी असते आणि स्पर्धा दोन दिवस चालली तर दुसऱ्या सकाळीही पुन्हा काट्यावर उभे राहावे लागते, त्यामुळे पाणी काढून परत भरण्याची सोय फारशी उरत नाही. विनेश फोगाट २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५३ ऐवजी ५० किलो गटात उतरली, पहिल्या दिवशी अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली. कुस्तीगिराने गट ठरवताना दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे वजन हाच आपला खरा आकडा मानावा.

वर्चस्वाची फोड

आता गेल्या पाच लढतींची चित्रफीत लावावी आणि प्रत्येक निर्णायक क्षणाशी थांबून एकच प्रश्न विचारावा : हे कशामुळे घडले? ठोशाच्या ताकदीमुळे, हाताच्या पल्ल्यामुळे, अंगाच्या जोरामुळे, की योग्य क्षणी योग्य जागी असल्यामुळे? हे काम प्रशिक्षकाने एकट्याने करू नये, कारण आपल्या शिष्याचे प्रत्येक यश त्याला कौशल्याचेच वाटते. बाहेरच्या एखाद्या जाणकाराला सोबत बसवावे.

या फोडीमागे साधे शरीरशास्त्र आहे. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि वजन घनफळावर. म्हणून त्याच बांध्याचा, पण दहा टक्के जड असलेला माणूस दहा टक्के ताकदवान नसतो. हिशोब साडेसहा टक्क्यांच्या आसपास येतो. दुरून लढताना त्याचा फायदा एवढाच, आणि तो वेगाने व अंदाजाने भरून काढता येतो. पण तोच माणूस मानेवर रेलला, एमएमएच्या पिंजऱ्याच्या जाळीला दाबून उभा राहिला किंवा छातीवर बसला, की त्याचे वजन पूर्णच्या पूर्ण सोसावे लागते, तेथे सवलत नाही. यावरून एक ढोबळ नियम निघतो : दोघांतील अंतर राखून जिंकणाऱ्याने वर जाण्याचा विचार लवकर करावा आणि अंगाला अंग भिडवून जिंकणाऱ्याने सावकाश.

या नियमाची दुसरी बाजू इस्राएल अडेसान्याच्या लढतीत जवळून पाहायला मिळते. मार्च २०२१ मध्ये यूएफसीचा मिडलवेट (१८५ पौंड) विजेता असताना आणि एमएमएमध्ये एकदाही हरलेला नसताना तो २०५ पौंडांच्या गटात यान ब्वाहोविचला आव्हान द्यायला उतरला. वजन मोजणीत तो २००.५ पौंड भरला, म्हणजे मर्यादेपर्यंतसुद्धा गेला नाही. वेग शाबूत ठेवण्याचा तो विचार होता आणि पहिल्या तीन फेऱ्यांत उभ्या लढाईपुरता तो चुकीचाही ठरला नाही. चौथ्या आणि पाचव्या फेरीत ब्वाहोविचने पट काढून त्याला खाली घेतले आणि वर बसून राहिला. त्यात डावांची चमक नव्हती. आपल्या गटात असा माणूस अडेसान्या कमरेला झटका देऊन झटकून टाकत असे. येथे तेच शरीर हलेना. पंचांनी एकमताने निकाल ब्वाहोविचच्या बाजूने दिला. दुरून लढणारा असूनही अडेसान्या हरला, कारण त्याचा खाली पडल्यावरचा बचाव आपल्याच वजनाच्या माणसाच्या हिशोबाने बेतलेला होता. म्हणून फोड करताना केवळ जिंकण्याची साधने तपासून भागत नाही. संकटातून सुटण्याची साधनेही त्याच कसाला लावावी लागतात, आणि ती बहुधा अंगाच्या ताकदीवर अधिक अवलंबून असतात.

ठोशाच्या ताकदीबद्दल फार आशा धरू नये. खालच्या गटात ज्या ठोशाने समोरचा आडवा होत होता, त्याच ठोशाने वरच्या गटातला माणूस फक्त थबकतो आणि मग पुढे येतो. दोन वर्षे प्रत्येक लढत चौथ्या-पाचव्या फेरीत संपवणाऱ्या विजेत्याला बारा फेऱ्यांची सवय राहिलेली नसते, ही त्यातली दडलेली अडचण. पल्ल्याचे मात्र मोजमाप सोपे आहे : वरच्या गटातील पहिल्या दहा जणांची उंची आणि हातांचा पसारा कागदावर उतरवावा आणि आपला विजेता त्या यादीत कितवा येतो ते पाहावे. हात काही वाढत नाहीत.

याउलट ओलेक्सांद्र उसिक पाहावा. क्रूझरवेटचे (२०० पौंड) सर्व पट्टे २०१८ मध्ये एकत्र केल्यावर तो हेवीवेटमध्ये गेला तेव्हा ठोशाच्या ताकदीत आणि आकारात तो तेथील आघाडीच्या बॉक्सरांहून उणाच होता. त्याच्यापाशी पायांची अखंड हालचाल, डावखुऱ्या उभारणीतून मिळणारे कोन आणि शेवटच्या फेऱ्यांत वाढत जाणारा वेग एवढेच होते, आणि या गोष्टींना वजन लागत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये २२१ पौंडांच्या उसिकने २४० पौंडांच्या अँथनी जोशुआला बारा फेऱ्यांत हरवले. मे २०२४ मध्ये टायसन फ्युरीला हरवून तो हेवीवेटचाही निर्विवाद विजेता झाला.

सरावातली कसोटी

कागदावरचा निष्कर्ष अंगावर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. वरच्या गटातील, पण पहिल्या दहांत नसलेले दोन-तीन सरावाचे जोडीदार बोलवावे, त्यांचे वजन लढतीच्या रात्रीइतके असावे (मोजणीच्या आकड्याइतके असून चालणार नाही), आणि सहा ते आठ आठवडे नियमित स्पॅरिंग करावे. पहिल्या दोन आठवड्यांचे निकाल विसरून जावे. त्या काळात जोडीदार बिचकत असतात आणि विजेता चढाईवर असतो.

लक्ष ठेवायचे ते पुढच्या फेऱ्यांवर. बॉक्सरला चौथ्या फेरीच्या सुरुवातीला मुद्दाम कोपऱ्यात उभे करून जड जोडीदाराला मिनिटभर त्याच्या मानेवर रेलू द्यावे, मग सोडवून लगेच मोकळे लढायला लावावे. यानंतरच्या तीस सेकंदांत काय होते ते पाहण्यासारखे असते. हनुवटीशी असलेला मागचा हात दोन बोटे खाली येतो का? बाजूला सरकणारे पाय सरळ मागे जाऊ लागतात का? तोंड उघडे पडते का? एमएमएमध्ये हेच जाळीशी करावे : जोडीदाराने अंगाखाली हात घालून दाबून धरावे आणि विजेत्याने सुटून यावे, असे सलग तीन वेळा. पहिल्यांदा प्रत्येकजण सुटतो. तिसऱ्यांदा किती सेकंद लागले, हा आकडा लिहून ठेवावा आणि आठव्या आठवड्यात पुन्हा मोजावा. तो सुधारत असेल तर शरीर शिकते आहे. तेवढाच राहिला असेल तर वेळ अजून आलेली नाही. वाढला असेल तर हा विचार वर्षभर बाजूला ठेवावा.

मार खाण्याची कसोटी मात्र सरावात कधीही घेऊ नये. विजेता जड माणसाचा ठोसा पचवतो का, हे पाहण्यासाठी त्याला पूर्ण ताकदीचे ठोसे खायला लावणारे प्रशिक्षक असतात आणि त्यांच्या हातून लढतीआधीच माणूस झिजतो.

वजन वाढवण्याची रीत

पूर्ण वाढ झालेल्या, वर्षानुवर्षे सराव केलेल्या लढवय्याला वर्षभरात दोन-तीन किलो उपयोगी स्नायू मिळाले तरी ती चांगली प्रगती समजावी. यापेक्षा झपाट्याने वाढलेल्या वजनात चरबी आणि पाणी यांचाच वाटा मोठा असतो आणि ते ओझे पाचव्या फेरीत जाणवते. म्हणून एका शिबिरात, दहा-बारा आठवड्यांत, "अंग भरण्याची" योजना कोणी पुढे केली तर ती बाजूला सारावी. जॉन जोन्सने २०२० मध्ये यूएफसीच्या लाइट हेवीवेटचे (२०५ पौंड) पद सोडले आणि थेट मार्च २०२३ मध्ये २४८ पौंडांचा होऊन हेवीवेटमध्ये उतरला. सिरिल गान याला त्याने दोन मिनिटे चार सेकंदांत गळा आवळून शरण आणले. तीन वर्षे बाहेर बसणे सर्वांना परवडणारे नाही हे खरे, पण घाई न करण्याचे ते उत्तम उदाहरण आहे.

जॉर्जेस सेंट-पिएरची कथा याच्या उलट बाजूची. यूएफसीच्या वेल्टरवेटचा (१७० पौंड) हा दीर्घकाळचा विजेता चार वर्षांच्या विश्रांतीनंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये परतला आणि मिडलवेट विजेता मायकल बिस्पिंगला हरवून पट्टा घेऊन गेला. पण महिनाभरातच त्याने तो परत केला, कारण त्याला आतड्याला सूज आणणारा कोलायटिस झाला होता. पोटाला झेपेल त्यापेक्षा अधिक अन्न ढकलावे लागत असेल, तर वरचा गट आपला नाही असे समजावे. आहारतज्ज्ञाशिवाय हा टप्पा पार करू नये, आणि काट्याइतकेच लक्ष वेगावर ठेवावे : दर चार आठवड्यांनी दोरीवरच्या उड्या, ठरावीक वेळेतील ठोशांची संख्या आणि कमी अंतराची धाव मोजावी. वजन वाढून हे आकडे टिकले तर मिळवले. वेग घटून ताकद वाढली, तर विजेत्याने आपले सोने देऊन दुसऱ्याचे पितळ घेतले असे होते, कारण वरच्या गटात ताकदवान माणसे आधीपासूनच मुबलक आहेत.

पहिली लढत कोणाशी

माझ्या मते सर्वांत जास्त चुका येथे होतात. वरच्या गटातील पहिलीच लढत तेथील विजेत्याशी करणे ही जाहिरातीची गरज आहे, लढवय्याची नव्हे. पट्टा पणाला नसलेली एक लढत आधी करावी आणि ती सोपी नसावी, कारण दुबळा प्रतिस्पर्धी काहीच शिकवत नाही. अँडरसन सिल्वा मिडलवेट विजेता असताना २००८ मध्ये जेम्स अर्विनशी आणि २००९ मध्ये फॉरेस्ट ग्रिफिनशी २०५ पौंडांत लढला. पट्टा पणाला नव्हता, दोन्ही वेळी पहिल्याच फेरीत जिंकला आणि आपल्या गटात परतला. अलेक्स परेराने १८५ पौंडांचे पद गमावल्यावर जुलै २०२३ मध्ये ब्वाहोविचशी लढून निसटता विजय मिळवला, आणि मगच नोव्हेंबरमध्ये २०५ पौंडांच्या रिकाम्या पदासाठी उतरून ते जिंकले. उसिकनेही जोशुआआधी हेवीवेटमध्ये दोन लढती केल्या होत्या. त्यांतली डेरेक चिसोराशी झालेली लढत त्याला सुरुवातीच्या फेऱ्यांत चांगलीच जड गेली; जोशुआसमोर उभे राहण्यापूर्वी तो अनुभव गाठीशी असणे किती मोलाचे होते, हे वेगळे सांगायला नको.

कुस्तीत अशी निवड करता येत नाही, कारण ड्रॉ जसा निघेल तसे लढावे लागते. तेथे पहिले वर्ष शिकण्यासाठी राखून ठेवावे. अब्दुलरशीद सादुलाएव २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ८६ किलोचा सुवर्णविजेता होता. ९७ किलोत गेल्यावर २०१७ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम कुस्तीत काइल स्नायडरकडून तो थोडक्यात हरला. पुढच्याच वर्षी त्याने स्नायडरला चितपट केले आणि टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीतही हरवले. पहिल्या पराभवानंतर "हा गट आपला नाही" असे म्हणून तो खाली परतला असता, तर ती मोठी चूक ठरली असती.

दोन गटांची उडी मात्र टाळावी. केल ब्रुक १४७ पौंडांचा अपराजित विजेता असताना सप्टेंबर २०१६ मध्ये १६० पौंडांच्या गेनाडी गोलोव्हकिनशी लढला. सुरुवातीला त्याने चांगले ठोसे लगावले, त्याचे हात अधिक चपळ होते. पण डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले आणि पाचव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल टाकावा लागला. गिलेर्मो रिगोंडो २०१७ मध्ये १२२ वरून १३० पौंडांत वासिल लोमाचेन्कोशी लढायला गेला आणि सहा फेऱ्यांनंतर स्टुलावरून उठलाच नाही. याला अपवाद आहे, आणि तो अलीकडचाच : टेरेन्स क्रॉफर्डने सप्टेंबर २०२५ मध्ये १५४ वरून १६८ पौंडांत जाऊन कॅनेलो आल्वारेझला गुणांवर हरवले. क्रॉफर्ड हा अंतर आणि वेळ यांवर जगणारा, दोन्ही उभारणींतून लढणारा बॉक्सर आहे, आणि त्याच्या अंगावर तोपर्यंत फारसा मार बसलेला नव्हता. त्याच्याकडे बोट दाखवून दोन गटांची उडी मागणाऱ्या विजेत्याने आधी स्वतःला या दोन अटींवर तपासावे.

करारात काय पाहावे

मधल्या वजनावर ठरलेली लढत, म्हणजे कॅचवेट, हा विजेत्याच्या हातातील मोठा पत्ता असतो. पॅकियाओने २०१० मध्ये १५४ पौंडांचे पद अँटोनियो मार्गारिटोविरुद्ध जिंकले, पण लढतीची मर्यादा १५० होती, आणि मोजणीत पॅकियाओ १४४.६ पौंडच भरला होता. दुसरी अट मोजणीनंतर परत भरायच्या वजनावरील मर्यादेची. एप्रिल २०२३ मध्ये गेर्व्होंटा डेव्हिस आणि रायन गार्सिया यांची लढत १३६ पौंडांवर आणि दुसऱ्या सकाळी १४६ पेक्षा जास्त न भरण्याच्या अटीवर झाली होती. आयबीएफ ही संघटना आपल्या पदाच्या लढतींसाठी दुसऱ्या सकाळी गटाच्या मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून अधिक भरू देत नाही. अशी अट मागण्यात कमीपणा नाही. मात्र ती लहान असलेल्याने मागावी. मोठ्याने लहानावर लादली, तर ती लढत बघण्यासारखी राहत नाही.

जुन्या पदाचे काय करायचे, हेही सही करण्याआधी ठरवावे. दोन्ही पट्टे सांभाळू असे म्हणणारे पुष्कळ असतात, प्रत्यक्षात सांभाळणारे थोडे. कॉनर मॅग्रेगर २०१६ मध्ये यूएफसीत एकाच वेळी दोन गटांचा पहिला विजेता ठरला, पण त्याने त्यांपैकी एकाही पदाचा बचाव केला नाही. अमांडा न्यूनेसने २०१८ च्या अखेरीस क्रिस सायबोर्गला ५१ सेकंदांत हरवून दुसरा पट्टा घेतला आणि पुढे दोन्हींचा बचाव केला, पण हे उदाहरण विरळच. इलिया टोपुरिया २०२५ मध्ये १४५ पौंडांचे पद सोडून मगच १५५ मध्ये गेला आणि चार्ल्स ऑलिव्हेराला पहिल्याच फेरीत नॉकआउट केले. आपल्या गटात रांगेत उभ्या असलेल्या आव्हानवीरांना वर्षभर ताटकळत ठेवण्यापेक्षा हीच रीत सभ्य म्हणावी लागेल, आणि विजेत्यालाही परतीचा मोह राहत नाही.

परतीची वाट आणि थांबण्याचा हक्क

"नाही जमले तर खाली येऊ" हा हिशोब सर्वांत महाग पडतो. रॉय जोन्स ज्युनिअरने मार्च २००३ मध्ये १९३ पौंडांचा होऊन २२६ पौंडांच्या जॉन रुइझला हरवले. मिडलवेटचा (बॉक्सिंगमध्ये १६० पौंड) माजी विजेता हेवीवेटचा विजेता होण्याची ती १८९७ मधील बॉब फिट्झसिमन्सनंतरची पहिलीच वेळ होती. मग काही महिन्यांत त्याने ते भरलेले अंग पुन्हा १७५ पौंडांपर्यंत उतरवले. नोव्हेंबरमध्ये अँटोनियो टार्व्हरविरुद्ध तो कसाबसा जिंकला आणि मे २००४ मध्ये त्याच टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत एका डाव्या ठोशाने आडवे केले. पस्तिशीतले वय आणि उतरवलेले स्नायू यांपैकी कोणाचा दोष किती, हे वेगळे काढता येणार नाही. पण वर चढवलेले स्नायू जाळून खाली येणे पाणी काढण्याइतके सोपे नसते, हे त्या दोन लढती शेजारी ठेवून पाहिल्यावर कळते. केल ब्रुकही गोलोव्हकिननंतर १४७ वर परतला आणि मे २०१७ मध्ये एरॉल स्पेन्सविरुद्ध त्याच्या दुसऱ्या डोळ्याचे हाड मोडले. अलेक्झांडर व्होल्कानोव्हस्कीने इस्लाम माखाचेव्हशी फेब्रुवारी २०२३ ची पहिली लढत तोडीस तोड दिली होती. ऑक्टोबरमध्ये दोन आठवड्यांहूनही कमी तयारीवर पुन्हा १५५ पौंडांत उतरून तो डोक्यावर बसलेल्या लाथेने कोसळला, आणि चार महिन्यांच्या आत आपल्या गटात टोपुरियाकडून पुन्हा नॉकआउट झाला. म्हणून वरच्या गटात नॉकआउट झाल्यास किमान सहा महिने लढायचे नाही, हे आधीच लेखी ठरवून ठेवावे. पराभवाच्या कडवटपणात ही गोष्ट कोणाच्या डोक्यात टिकत नाही.

न जाण्याचा निर्णयही तितकाच सन्मानाचा आहे. मार्व्हिन हॅग्लर पूर्ण कारकीर्द १६० पौंडांत लढला, हबीब नुरमागोमेदोव १५५ चा विजेता म्हणून २९ लढतींत अपराजित राहून २०२० मध्ये निवृत्त झाला, डिमिट्रियस जॉन्सनने यूएफसीत १२५ पौंडांचे पद सलग अकरा वेळा राखले. यांच्यापैकी कोणाची थोरवी त्यामुळे उणी झालेली नाही. विजेता पस्तिशीच्या पुढे असेल, आधी दोनदा नॉकआउट झालेला असेल किंवा सरावातली कसोटी आठव्या आठवड्यातही फसली असेल, तर व्यवस्थापकाने आयोजकांना स्पष्ट नकार द्यावा, आणि तो नकार विजेत्याच्या तोंडून वदवून घेऊ नये. विजेत्यांना "नाही" म्हणता येत नाही. तो गुण असता तर ते विजेते झालेच नसते.

सर्व तपासणीनंतर जायचेच ठरले, तर एक गोष्ट शिल्लक राहते. लढतीच्या आधीच्या आठवड्यात, काट्यावरून उतरण्यापूर्वीच, प्रशिक्षक आणि विजेता यांनी कोणत्या परिस्थितीत लढत थांबवायची ते बोलून ठेवावे : एक डोळा मिटला तर, सलग दोन फेऱ्या उत्तरच देता आले नाही तर, खाली पडून उठताना पाय फाकले तर. ब्रुकला त्या रात्री थांबायचे नव्हते आणि टॉवेल पडल्यावर तो नाराजही झाला. पण डोळ्याचे हाड मोडलेले असताना समोरचा माणूस आपल्यापेक्षा तेरा पौंडांनी वरच्या गटातला आहे हे कोपऱ्यातल्या माणसाला दिसत होते, आणि टॉवेल त्याच्याच हातात होता.